जोडी न लागलेले रुग्ण

मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियांचे निकाल मांडणाऱ्या शोधनिबंधांत ‘दोन्ही गटांतील रुग्ण जुळवून घेतले होते’ हे वाक्य अलीकडे इतक्या सहजपणे येते की वाचणारा त्यावर न थांबता थेट निकालाच्या तक्त्याकडे वळतो. गोव्यात शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना प्रबंधाच्या संख्याशास्त्रीय भागात मदत करणे हे माझे काम आहे, आणि या कामात मला वारंवार जाणवत आले आहे की निकालाच्या तक्त्याआधी त्या एका वाक्यामागे काय काय घडले हे तपासायला हवे. कोणत्या रुग्णांना जोडीदार मिळाला, कोणत्या रुग्णांना मिळाला नाही, आणि शल्यचिकित्सकाने एकासाठी एक व दुसऱ्यासाठी दुसरी पद्धत का निवडली याची नोंद कुठे झाली होती का, या प्रश्नांवर अशा तुलनेची विश्वासार्हता उभी असते. त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मूळ अडचण समजायला सोपी आहे. एखाद्या रुग्णालयाच्या काही वर्षांच्या नोंदी काढल्या आणि पोट उघडून शस्त्रक्रिया झालेले रुग्ण एका बाजूला व दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेले रुग्ण दुसऱ्या बाजूला ठेवले, तर दुर्बिणीच्या गटातील रुग्ण लवकर घरी गेले, त्यांना जखमेचे संसर्ग कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले असे बहुधा दिसेल. परंतु दुर्बिणीसाठी निवडले गेलेले रुग्ण मुळातच तुलनेने कमी वयाचे, बऱ्या प्रकृतीचे, लहान गाठ असलेले आणि तारीख ठरवून दाखल झालेले असतात. आतडे अडल्यामुळे पोट फुगून मध्यरात्री काणकोणहून किंवा वाळपईहून रुग्णवाहिकेतून आणलेल्या वृद्ध रुग्णाचे पोट सहसा उघडूनच शस्त्रक्रिया करावी लागते. कुळागरातल्या पाटाजवळच्या जोमदार पोफळींना नवे खत घालायचे, कडेच्या कातळाजवळच्या पोफळींना जुने, आणि शिंपुटे, म्हणजे सुपारीचे घड, मोजून नव्या खताची थोरवी गायची, असाच हा प्रकार होतो. ज्या कारणाने उपचार निवडला गेला, तेच कारण निकालावरही परिणाम करत असते, आणि हे दोन परिणाम नुसत्या बेरीज-वजाबाकीने वेगळे करता येत नाहीत.

या अडचणीचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण तात्पुरत्या स्टोमाचे आहे. गुदाशयाचा कर्करोगग्रस्त भाग काढून वरचे आतडे खाली जोडले की तो सांधा भरून येईपर्यंतचे दिवस काळजीचे असतात. सांधा गळला तर विष्ठा ओटीपोटात पसरते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते आणि प्रसंगी रुग्ण दगावतो. म्हणून अनेकदा लहान आतड्याचा एक वेढा पोटाच्या भिंतीवर आणून बसवतात, म्हणजे मल काही आठवडे बाहेरच्या पिशवीत जातो आणि खालच्या सांध्यावर ताण येत नाही. आता हा स्टोमा शल्यचिकित्सक कोणाला करतो? सांधा गुदद्वाराच्या अगदी जवळ आहे, आधी किरणोपचार झालेले आहेत, रुग्ण कुपोषित आहे, शस्त्रक्रिया अवघड गेली आहे, अशा रुग्णांना. म्हणजे ज्यांचा सांधा गळण्याची भीती अधिक, त्यांनाच स्टोमा मिळतो. मग नोंदवहीतून सरळ मोजणी केली तर स्टोमा असलेल्या रुग्णांत गळती तितकीच किंवा जास्तही दिसू शकते, आणि स्टोमाचा उपयोग नाही असा उलटा निष्कर्ष निघू शकतो. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सांधा व्यवस्थित झाल्याची खात्री करून शस्त्रक्रियागृहातच जणू चिठ्ठी काढून स्टोमा करायचा की नाही हे ठरवले गेले. एकूण २३४ रुग्णांच्या त्या चाचणीत स्टोमा असलेल्यांपैकी १०.३ टक्के रुग्णांत, तर स्टोमा नसलेल्यांपैकी २८ टक्के रुग्णांत त्रासदायक गळती झाली. निवड शल्यचिकित्सकाच्या हातून काढून घेतल्यावरच खरा फरक इतका स्पष्ट दिसला.

मग प्रत्येक प्रश्नासाठी अशीच चाचणी का करू नये, असे विद्यार्थी विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. जिथे करता येते तिथे ती करावीच. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरक्षित आहे का, या प्रश्नाचे उत्तर जुळवलेल्या गटांनी दिलेले नाही. ते अशा चाचण्यांनी दिले. अमेरिकेतील व कॅनडातील ४८ संस्थांनी मिळून केलेल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २००४ साली आले, आणि तीन वर्षांनी आजार उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के व पोट उघडलेल्या गटात १८ टक्के, म्हणजे व्यवहारात सारखेच, निघाले. पण त्या चाचणीत कोणाला घेतले नव्हते हेही पाहावे लागते. आतडे अडलेले किंवा फुटलेले रुग्ण तिथे नव्हते, गुदाशयाचा आणि आडव्या मोठ्या आतड्याचा कर्करोग असलेले नव्हते, गंभीर सहव्याधी असलेले नव्हते. आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक शल्यचिकित्सकाने आधी किमान २० दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केलेल्या असणे बंधनकारक होते. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या किंवा बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात समोर असलेला रुग्ण अनेकदा नेमका या वगळलेल्यांपैकी असतो. त्याच्यासाठी काय योग्य, हे शोधायला चाचणी नसते, पैसे नसतात, आणि कधी कधी चिठ्ठी काढणे नैतिकदृष्ट्याही शक्य नसते. अशा वेळी आधीच झालेल्या उपचारांच्या नोंदींतून, शक्य तितकी न्याय्य तुलना उभी करणे एवढेच हाती उरते. जुळवलेल्या गटांची पद्धत तिथे उपयोगी पडते.

जुनी पद्धत सरळ होती. दुर्बिणीच्या गटातील ६० ते ७० वयाचा, दुसऱ्या टप्प्यातील कर्करोग असलेला पुरुष घ्यायचा आणि पोट उघडलेल्या गटातून त्याच वयोगटाचा, त्याच टप्प्याचा पुरुष शोधायचा. दोन-तीन गुणधर्मांपर्यंत हे जमते. लिंगाचे दोन प्रकार, वयाचे चार गट, आजाराचे चार टप्पे, भूलतज्ज्ञाने दिलेल्या प्रकृतीच्या तीन श्रेणी आणि गाठीच्या तीन जागा धरल्या, तर २८८ कप्पे होतात. एका विभागात काही वर्षांत मिळणारे दोनशे-अडीचशे रुग्ण त्यांत वाटले तर बहुतेक कप्प्यांत एकाच गटाचा रुग्ण असतो किंवा कोणीच नसते. जितके अधिक काळजीपूर्वक जुळवावे, तितके जुळणारे रुग्ण कमी होतात.

यातून मार्ग काढणारा लेख पॉल रोझेनबॉम आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९८३ साली लिहिला. त्यांच्या मांडणीनुसार प्रत्येक गुणधर्म स्वतंत्रपणे जुळवण्याची आवश्यकता नाही. सर्व गुणधर्म लक्षात घेता या रुग्णाला अमुक उपचार मिळण्याची शक्यता किती होती हा एकच आकडा काढावा आणि त्या आकड्यावर जोड्या लावाव्यात. या आकड्याला प्रोपेन्सिटी स्कोअर म्हणतात. समजा, एका रुग्णाचे वय, वजन, हिमोग्लोबिन, गाठीची जागा, आजाराचा टप्पा, हृदयविकार, आधीची पोटाची शस्त्रक्रिया हे सारे पाहता त्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया मिळण्याची शक्यता ०.३० आली. अशीच ०.३० शक्यता असलेले दोन रुग्ण घेतले, त्यांपैकी एकाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली आणि दुसऱ्याची पोट उघडून, तर आपल्याजवळच्या माहितीपुरती ती निवड जवळपास चिठ्ठी काढल्यासारखीच होती असे मानता येते. ‘आपल्याजवळच्या माहितीपुरती’ हे शब्द मी विद्यार्थ्यांना दरवेळी अधोरेखित करायला सांगते.

या पद्धतीत एक गोष्ट नवख्याला खटकते. स्कोअर सारखा असलेले दोन रुग्ण एकमेकांसारखे असतीलच असे नाही. एक ५० वर्षांचा पण तीन वेळा पोटाची शस्त्रक्रिया झालेला, तर दुसरा ७५ वर्षांचा पण इतर सर्व बाबतींत धडधाकट, अशी जोडीही लागू शकते. जोडी पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण समतोल जोडीत शोधायचा नसतो, संपूर्ण गटात शोधायचा असतो. तो साधला की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक गुणधर्माच्या सरासरीतील फरक त्याच्या प्रमाण विचलनाशी, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत या मापाशी, ताडून पाहतात आणि तो ०.१ पेक्षा कमी असावा असा संकेत आहे. अनेक प्रबंधांत याऐवजी पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) दिलेले असते आणि ते ०.०५ पेक्षा मोठे आहे म्हणून गट सारखे आहेत असे लिहिलेले असते. हे चुकीचे आहे, कारण जोड्या लावताना रुग्णसंख्या घटते, आणि रुग्णसंख्या घटली की मोठ्या फरकाचेही पी-मूल्य आपोआप वाढते. गट जुळले नसले तरी जुळले असे भासते. तसेच किती जवळचा स्कोअर जोडीला चालेल याचीही मर्यादा आधी ठरवावी लागते. स्कोअरच्या लॉजिट रूपाच्या (उपचार मिळण्याची व न मिळण्याची शक्यता यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम) प्रमाण विचलनाच्या ०.२ पटीइतके अंतर ही सर्वाधिक वापरली जाणारी मर्यादा आहे. तिच्या आत जोडीदार नसेल तर तो रुग्ण अभ्यासाबाहेर जातो.

आणि इथे माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. समजा, दुर्बिणीचे ६० आणि पोट उघडलेले १४० रुग्ण होते. जुळवणीनंतर ४५ जोड्या उरल्या. म्हणजे दुर्बिणीचे १५ आणि पोट उघडलेले ९५ रुग्ण गळले. हे ११० रुग्ण कोण होते? दुर्बिणीच्या बाजूने गळलेले बहुधा इतके निरोगी व इतक्या लहान गाठींचे होते की त्यांच्यासारख्या कोणाचेही पोट उघडले गेलेच नाही. दुसऱ्या बाजूने गळलेले इतके आजारी होते की त्यांच्यासारख्या कोणालाही दुर्बीण लावली गेली नाही. उरलेल्या ४५ जोड्या म्हणजे मधला पट्टा, ज्यांच्याबाबत निर्णय कोणत्याही बाजूला जाऊ शकला असता असे रुग्ण. अभ्यासाचे उत्तर त्यांच्यापुरतेच असते. ही त्रुटी नव्हे, उलट ती या पद्धतीची सचोटी आहे, कारण ज्यांच्याबाबत तुलना शक्यच नाही त्यांच्याविषयी ती गप्प राहते. पण निबंधाच्या सारांशात जेव्हा ‘वृद्ध रुग्णांतही दुर्बिणीची शस्त्रक्रिया श्रेयस्कर’ असे वाक्य येते आणि जुळलेल्या गटात ८० वर्षांपुढचे मोजकेच रुग्ण असतात, तेव्हा ती सचोटी लेखकाने स्वतःच्या हाताने मोडलेली असते. म्हणून मी प्रबंधात एक जादा तक्ता मागते: जोडी लागलेले आणि न लागलेले यांची शेजारी शेजारी वैशिष्ट्ये. हा तक्ता करायला वेळ लागत नाही, आणि तो वाचल्यावर आपला निष्कर्ष कोणत्या रुग्णाला सांगायचा व कोणाला सांगायचा नाही हे स्पष्ट होते.

स्कोअर काढताना कोणती माहिती घ्यायची याचा नियम एका ओळीचा आहे: निर्णय घेतेवेळी जे ठाऊक होते तेवढेच घ्यायचे. शस्त्रक्रियेत किती रक्त गेले, किती तास लागले, किती लसीका ग्रंथी सापडल्या, या गोष्टी निर्णयानंतरच्या आहेत. त्या जुळवून घेतल्या तर ज्या परिणामाची तुलना करायची तोच आपण पुसून टाकतो.

याच्याशी जोडलेली आणि शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत दडलेली एक बाब अधिक धोक्याची आहे. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया कधी कधी रक्तस्राव, चिकटलेली आतडी किंवा मोठी गाठ यांमुळे पोट उघडून पूर्ण करावी लागते. ब्रिटनमधील ‘क्लासिक’ (CLASICC) नावाच्या चाचणीत, जिचे निकाल २००५ साली आले, दुर्बिणीच्या गटातील २९ टक्के रुग्णांत असे करावे लागले होते. त्या काळात अनुभव कमी होता, आज हे प्रमाण पुष्कळ उतरले आहे, पण शून्य झालेले नाही. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया नोंदवहीत शेवटी ‘ओपन’ म्हणून लिहिली जाते. नोंदवहीवरून गट पाडणारा निवासी डॉक्टर त्याला पोट उघडलेल्या गटात टाकतो, आणि अशा रीतीने दुर्बिणीच्या गटातील सर्वांत अवघड प्रकरणे निमूटपणे दुसऱ्या गटाच्या खात्यावर चढतात. मग कितीही काटेकोर जुळवणी केली तरी दुर्बिणीचा गट चांगलाच दिसणार. रुग्ण ज्या पद्धतीने सुरुवात करायचे ठरले त्या पद्धतीच्या गटातच मोजला पाहिजे, आणि त्यासाठी नोंदवही पुरत नाही. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपण आणि भूलतज्ज्ञाचा कागद दोन्ही उघडून पाहावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण संगणकावरची कोणतीही प्रणाली ते करून देत नाही.

रुग्ण जुळले तरी शल्यचिकित्सक जुळतातच असे नाही, हे दाखवणारा एक चांगला अभ्यास डेन्मार्कचा आहे. मोठ्या आतड्यासोबत त्याला रक्तवाहिन्या पुरवणारा पडदा मुळापासून अखंड काढण्याची पद्धत जर्मनीतील एर्लांगेन येथील वेर्नर होहेनबर्गर यांच्या गटाने २००९ साली तपशीलवार मांडली. कोपनहेगनच्या राजधानी प्रदेशातील हिलरॉड येथील रुग्णालय ही पद्धत वापरत होते, बाकीची रुग्णालये प्रचलित पद्धत वापरत होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नव्या पद्धतीचे ३६४ आणि प्रचलित पद्धतीचे १,०३१ रुग्ण होते, आणि चार वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८५.८ आणि ७५.९ टक्के होते. जुळवणीनंतरही फरक टिकून राहिला. इथे निवड रुग्णाकडे पाहून झालेली नव्हती, तो कोणत्या भागात राहतो यावरून झाली होती, ही जमेची बाजू. प्रकृतीवरून उपचार ठरण्याचा दोष त्यात फारसा नाही. पण पद्धत आणि रुग्णालय एकमेकांत असे गुंतलेले आहेत की फायदा त्या विशिष्ट शस्त्रक्रियेचा, की एका विषयाचा ध्यास घेतलेल्या विभागाच्या एकूण शिस्तीचा, हे रुग्ण कितीही जुळवून कळू शकत नाही. मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण त्याचे बळ आणि त्याची मर्यादा एकाच गोष्टीत आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात, जिथे एखादे तंत्र एक-दोन हातांतच असते, हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो.

आता ज्या अभ्यासाने जुळवलेल्या गटांच्या पद्धतीविषयी माझा आदर सर्वाधिक वाढवला त्याविषयी. गुदाशयाच्या कर्करोगात काही रुग्णांची गाठ किरणोपचार व औषधोपचारानेच पूर्णपणे दिसेनाशी होते. अशा रुग्णाची तरीही शस्त्रक्रिया करायची, की काटेकोर देखरेखीखाली थांबायचे? ब्राझीलमधील साओ पावलो येथील शल्यचिकित्सक अँजेलिटा हाब्र-गामा यांनी थांबण्याची बाजू मांडली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने जगभर वाद सुरू झाला. या प्रश्नावर चिठ्ठी काढणे जवळजवळ अशक्य आहे. गाठ नाहीशी झाली आहे हे कळल्यावर कायमचा स्टोमा लागेल का हे नाणेफेकीवर सोडायला कोणता रुग्ण तयार होईल? मँचेस्टर आणि आसपासच्या केंद्रांतील ऑनकोर प्रकल्पाने २०१६ साली या प्रश्नावर जुळवलेली तुलना मांडली. देखरेखीखाली ठेवलेले १२९ रुग्ण होते. गाठीची खोली, वय आणि दैनंदिन कार्यक्षमता इत्यादी बाबी जुळवून प्रत्येक बाजूला १०९ रुग्ण घेतले. देखरेखीखालील १२९ पैकी ४४ जणांत गाठ त्याच जागी पुन्हा वाढली, पण त्यांतील बहुतेकांवर नंतर शस्त्रक्रिया करता आली. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण देखरेखीच्या गटात ९६ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ८७ टक्के होते, तर कोलोस्टोमीवाचून (मोठ्या आतड्याच्या स्टोमावाचून) जगणाऱ्यांचे प्रमाण ७४ विरुद्ध ४७ टक्के होते.

हे आकडे घाईने वाचणारा म्हणेल की शस्त्रक्रिया न केल्याने माणसे अधिक जगली. तसे नाही. देखरेखीखाली ते रुग्ण ठेवले गेले ज्यांची गाठ नाहीशी झाली होती, आणि शस्त्रक्रिया त्यांची झाली ज्यांची गाठ उरली होती. किरणांना विरघळणारी गाठ मुळातच कमी आक्रमक असते. वय जुळवले, टप्पा जुळवला, तरी गाठीचा हा स्वभाव जुळवता आलेला नाही, आणि या आराखड्यात तो येऊही शकत नव्हता. त्यामुळे जगण्याच्या आकड्यांतून एवढेच निघते की योग्य रुग्ण निवडून, कडक देखरेख ठेवून थांबले तर हानी दिसत नाही. स्टोमाविषयीचा फरक मात्र थेट उपचाराशी बांधलेला आहे आणि रुग्णाच्या रोजच्या जगण्याला भिडणारा आहे. एकाच तक्त्यातील दोन ओळींना वेगवेगळे वजन द्यावे लागते, हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही. आणि ‘कडक देखरेख’ या शब्दांचा अर्थ वारंवार गुदद्वारातून दुर्बीण घालून तपासणी आणि एमआरआय असा आहे. दोडामार्गहून किंवा काणकोणहून रोजंदारी बुडवून येणाऱ्या रुग्णाला ती पाळता येईल का, हा प्रश्न मँचेस्टरच्या जोड्यांत नाही. तो आपल्यालाच विचारायचा आहे.

न मोजलेल्या गोष्टींचा प्रश्न संख्याशास्त्राने टाळलेला नाही. टायलर व्हँडरवील आणि पेंग डिंग यांनी २०१७ साली सुचवलेले ई-मूल्य हे त्याचे एक साधन आहे. दिसलेला फरक पूर्णपणे पुसून टाकायला एखाद्या अज्ञात घटकाचा उपचारनिवडीशी आणि निकालाशी किती घट्ट संबंध असावा लागेल, हे ते सांगते. धोका दुप्पट दिसला असेल तर ई-मूल्य सुमारे ३.४ येते, म्हणजे दोन्हींशी किमान ३.४ पटींचा संबंध असलेला घटक आपल्या नजरेतून सुटला असेल तरच तो दुप्पट धोका निव्वळ भास ठरू शकेल. असा घटक असू शकतो का, याचे उत्तर मात्र आकडा देत नाही, शल्यचिकित्सक देतो. पलंगाजवळ उभे राहून ‘याला जास्त वेळ भुलीखाली ठेवायला नको’ असे ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यांच्या नजरेने बरेच काही टिपलेले असते: गळालेले स्नायू, श्वासाची धाप, चेहऱ्यावरची निस्तेज छटा. केस पेपरवर यातले काहीच उतरत नाही. तिथे उतरते ‘ओपन राइट हेमिकोलेक्टॉमी करणे’, म्हणजे पोट उघडून मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढणे, एवढेच. ज्या कारणाने निवड झाली ते कारणच कागदावर नसेल, तर कोणताही स्कोअर ते जुळवू शकणार नाही.

१८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झालेली ही भूमी आहे. बांबोळीच्या महाविद्यालयाची परंपरा तिथपर्यंत पोहोचते. गोव्याच्या सर्व तालुक्यांतून, शिवाय सिंधुदुर्ग आणि कारवारकडूनही रुग्ण तिथे येतात. लहान राज्य आणि मोठे रुग्णालय ही अभ्यासासाठी अतिशय अनुकूल स्थिती आहे. पण निकाल मोजायला रुग्णाची पुढची हकिगत कळावी लागते, आणि तिथे गाडी अडते. ऐपत असलेला रुग्ण पुढच्या उपचारांसाठी मुंबईला किंवा बेळगावला जातो आणि आपल्या यादीतून नाहीसा होतो. सीमेपलीकडचा रुग्ण बरे वाटू लागल्यावर परत येत नाही. एकाच व्यक्तीचे आडनाव एका कागदावर जुन्या पोर्तुगीज वळणाने आणि दुसऱ्यावर आजच्या पद्धतीने लिहिलेले असल्याने दोन कागद एकमेकांना सापडत नाहीत. हरवलेले रुग्ण दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात आणि सारख्याच कारणांनी हरवले असते तर एक वेळ निभावले असते. परंतु दुर्बिणीच्या गटातून बरे झालेले हरवले आणि पोट उघडलेल्या गटातून बिघडलेले हरवले, तर सुरुवातीला कष्टाने साधलेला समतोल शेवटी उरत नाही. जोड्या किती लागल्या याच्याबरोबरच एक वर्षाने प्रत्येक बाजूचे किती रुग्ण संपर्कात होते हा आकडा म्हणूनच निबंधात असायला हवा.

माझी विनंती शल्यचिकित्सा विभागांतील वरिष्ठ डॉक्टरांना आहे, कारण निवासी डॉक्टर तीन वर्षांनी निघून जातात आणि नोंदीची सवय वरिष्ठांमुळेच टिकते. शस्त्रक्रियेआधीच्या टिपणात अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन), गेल्या काही महिन्यांत घटलेले वजन, गाठीचे गुदद्वारापासूनचे अंतर, शस्त्रक्रिया ठरवून आहे की तातडीची, आणि सुरुवात कोणत्या पद्धतीने करायची ठरले हे लिहावे. त्याखाली एक ओळ मोकळी ठेवावी आणि तिच्यात त्या रुग्णासाठी ही पद्धत का निवडली, आणि दुसरी पद्धतही चालली असती का, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. ‘यंत्र दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुंतले होते’ हे कारण असेल तर तेही लिहावे. तुलनेच्या दृष्टीने ते सर्वांत मोलाचे कारण आहे, कारण त्याचा रुग्णाच्या प्रकृतीशी काही संबंध नसतो. ही ओळ शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी लिहिलेली असावी. निकाल कळल्यानंतर लिहिलेल्या कारणाचा स्कोअरमध्ये उपयोग करता येत नाही.